वाचून पाहिलेला माल

परवा नातीच्या शाळेत पालकांची सभा होती. मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी, हा विषय. एकजण म्हणाले, बक्षिसं ठेवा. एक बाई म्हणाल्या, रोज अर्धा तास सक्तीने वाचायला बसवा. बोलणाऱ्यांची हौस फिटल्यावर मुख्याध्यापकांनी कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीला, म्हणजे मला, मान म्हणून विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणाले, "पुस्तकं जप्त करा."

सगळे हसले. नातीने कपाळावर हात मारून घेतला. मी मुळीच विनोद केला नव्हता. अक्षरं मला आईने शिकवली, पण वाचनाचं वेड लावलं ते नाक्यावरच्या गफूरमुन्शींनी, आणि तेही पुस्तकं जप्त करून.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अगदी काठावर. नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचं. उन्हाळ्यात दोन राज्यांच्या मधे गुडघाभर पाणी असायचं. वऱ्हाडातल्या बैलगाड्या नदी ओलांडून वर आल्या की करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागे. रस्त्यावर आडवा टाकलेला एक बांबू, एक कौलारू खोली, एक चिंच, पोचय्या नावाचा शिपाई आणि गफूरमुन्शी, एवढाच नाका. बाहेरून आलेला माल उघडून पाहायचा, वहीत लिहायचा, शिक्का मारायचा आणि बांबू वर करायचा, हे त्यांचं काम.

मुन्शी उंच आणि काटकुळे होते. बारा महिने अंगात एकच शेरवानी. तिची वरून तिसरी गुंडी तुटलेली आणि त्या जागी बाभळीचा काटा टोचलेला. डोक्यावर लाल तुर्की टोपी, तिला काळा गोंडा. चष्म्याची एक काडी मोडली होती, ती त्यांनी दोऱ्याने कानाला अडकवली होती. गावात त्यांचा मोठा दरारा. गुळाची ढेप ते बोटाने वाजवून पाहत आणि मिठाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालत. एखाद्या गाडीतून वऱ्हाडातली नवी नवरी आली, तर लांबूनच नवरदेवाला विचारत, "नवरीबिगर आनखी काही नवीन आनलं का?" नवरदेव घामाघूम होई.

माझे मामा यवतमाळला एका छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्याकडे सरकारी शाळेत सगळं उर्दूत चाले. आईला मराठी पुस्तकाचं तोंड दिसत नसे. म्हणून मामांनी एकदा एका गाडीवानाबरोबर तिला एक ट्रंक पाठवली. छापखान्यात वाया गेलेली पुस्तकं होती ती. कुठे शाई फिकी, कुठे पान वाकडं छापलेलं, कित्येकांना पुठ्ठाच नाही. गाडीवान हात हलवत घरी आला आणि म्हणाला, "बाई, टरंक नाक्यावर अडकली."

आईने मला पिटाळलं. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. सोबतीला काकांची मुलगी वच्छी आणि शेजारचा नाम्या आले. नाम्या उर्दू शाळेत जायचा. मराठी त्याला बोलण्यापुरतीच यायची. वच्छीला तर अक्षरओळखच नव्हती. मुन्शी चिंचेखाली बाजेवर बसले होते आणि समोर आमची ट्रंक उघडी होती.

"चाचा, आमची टरंक सोडा," मी म्हणाले.

"काऊन सोडू? याच्यात सरकारच्या खिलाफ काही लिवलं असन तं?"

"गोष्टी हायेत जी नुसत्या."

"मले काय मालूम? मले उर्दू येते. बोलाले मराठी येते. वाचाले एक हर्फ येत नाई." त्यांनी एक पुस्तक उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं. "तू वाच. पह्यल्या पानापासून आखरी पानापरेंत. मी ऐकतो. सगळं वाचून झालं आनि बेजरर निंघालं, तं माल तुहा."

बेजरर म्हणजे निरुपद्रवी. हा त्यांचा लाडका सरकारी शब्द होता.

मी मोजून पाहिलं, पुस्तकं सतरा होती. मला रडूच फुटलं. वच्छी म्हणाली, "रडू नको, वाच लवकर लवकर." मी वाचायला बसले. तोवर मी फक्त आईची पोथी वाचलेली, तीही बोट ठेवून. पहिलं पुस्तक एका सरदाराच्या पळवून नेलेल्या मुलीचं होतं. चार पानं झाली. मुलीला भुयारात कोंडलं, बाहेर पहारेकऱ्याचा पाय वाजला, आणि मुन्शी ताडकन उठले.

"दफ्तर बंद. नमाजचा टाइम झाला. बाकी उद्या."

"चाचा, पहारेकरी आत आला का नाई?" नाम्या ओरडला.

"ते उद्याच्या पानावर हाय," असं म्हणून त्यांनी ट्रंकेला कुलूप लावलं आणि किल्ली शेरवानीच्या खिशात टाकली.

त्या दिवसापासून आमच्या दुपारी नाक्यावर जाऊ लागल्या. आई आधी कुरकुरली. पोरीबाळींनी भर रस्त्यावर बसावं हे तिला पटेना. पण तिला पुस्तकं हवी होती, शिवाय मी घरी येऊन ऐकवलेल्या चार पानांनी तिचीही झोप उडाली होती. तिसऱ्या दिवसापासून भाकरी थापता थापता तीच विचारू लागली, "कावं, निंघाली का ते पोरगी भुयारातून?"

मुन्शींचं ऐकणं साधं नव्हतं. ते गोष्टीचीही जकात घेत. राजपुत्र जंगल ओलांडून दुसऱ्या राज्यात गेला की ते हात वर करून मला थांबवत. "परवाना होता का त्याच्यापाशी? घोडा कोन्या दर्जाचा? पोचय्या, लिवून ठेव." पोचय्याला लिहिता येत नसे आणि मराठी तर मुळीच समजत नसे. तो तेलुगू मुलखातला. तरी तो मान डोलवून हवेत बोटाने काहीतरी लिही आणि विचारी, "तरवात?" म्हणजे, मग पुढे? आमच्या तोंडातही तो शब्द कायमचा बसला.

खलनायक आला की मुन्शींच्या टोपीचा गोंडा हलू लागे. फार रंगात आले तर ते बाज सोडून उभे राहत आणि त्या बदमाशाला उर्दूत असं काही झापत, की रस्त्यावरचे गाडीवान आपल्यालाच बोलताहेत समजून पोती उतरवायला लागत. एका पुस्तकात नायिका शेवटी मरते. मी ते वाचलं. मुन्शींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मंजूर नाई. वाचनारीची गलती झाली असन. पुन्ना वाच." मी शेवटचं पान पुन्हा वाचलं. ती पुन्हा मेली. त्या पुस्तकावर त्यांनी आठ दिवस शिक्का मारला नाही.

मला वर्णनं आवडत नसत. डोंगर, चांदणं, हवेली आली की मी हळूच अर्धं पान गाळायची. ज्याला हर्फ येत नाही त्याला काय कळणार? पण मुन्शी चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "थांब पोरी. काहीतरी राह्यलं. ते बाई आता हवेलीच्या दाराशी होती, इहिरीपाशी उडून आली काय? मधी नाका लागला नाई का?" मला मागे जाऊन सगळं वाचावं लागे. यांचा कान फार तयार आहे, असं मला वाटायचं.

एक नियम त्यांनी नंतर काढला. एका वाचणाऱ्याने चारच पानं वाचायची, मग दुसऱ्याने. माझी चार पानं संपली की गोष्ट तिथेच अडायची, कारण दुसरं कुणी वाचणारं नव्हतं. नाम्या चिडायचा, वच्छी माझ्या पाठीत बुक्के मारायची, मुन्शी शांतपणे पान चघळायचे. शेवटी वच्छीने माझ्याकडून अक्षरं शिकून घेतली. शिकली म्हणजे काय, माझ्या मानगुटीवर बसून उकळून घेतली. महिन्याभरात ती अडखळत दोन पानं वाचू लागली. नाम्याला वाटलं, पोरी वाचतात आणि आपण उर्दूवाले बसून राहतो, म्हणजे काय! दिवाळीपर्यंत तोही वाचायला लागला. ज्या पोराला शाळेत छडी खाऊनही धड वाचता येत नव्हतं, तो भुयाराच्या ओढीने वाचू लागला.

एका पुस्तकाची शेवटची पानंच नव्हती. बाई जहाजावर चढते आणि पुस्तक संपतं. मुन्शींनी ते उलटं करून झटकून पाहिलं. "माल अपुरा हाय. अपुरा माल सोडता येत नाई. तिघांनी आपापला शेवट सांगा." मी जहाज किनाऱ्याला लावलं, नाम्याने बुडवलं आणि वच्छीने बाईला जहाजाची मालकीणच करून टाकलं. मुन्शींनी तिन्ही शेवट डोळे मिटून ऐकले आणि पोचय्याचं मत घेतलं. पोचय्याने न समजता वच्छीकडे बोट दाखवलं. मुन्शींनी शिक्का मारला आणि उर्दूत लिहिलं: वाचून पाहिला, बेजरर.

हळूहळू गाडीवानही बसू लागले. बांबू आडवा असायचा, मागे गाड्यांची रांग लागायची आणि पुढे आमचं वाचन चाललेलं असायचं. एकदा एक गाडीवान पलीकडून रिकामी गाडी घेऊन आला. मुन्शींनी विचारलं, "माल?"

"माल काही नाई जी," तो ओशाळून म्हणाला. "परवा अर्ध्यावर जा लागलं. त्या पोरीचं काय झालं, तेवढं पुसाले आलो."

मुन्शींनी त्याला बाजेवर शेजारी बसवून घेतलं. असा मान ते तालुक्याच्या अंमलदारालाही देत नसत.

पण सगळेच गाडीवान गोष्टीचे भुकेले नव्हते. एका व्यापाऱ्याच्या सरकीच्या गाड्या दुपारभर उन्हात उभ्या राहिल्या आणि त्याने आदिलाबादेला तक्रार केली, की नाक्यावरचा मुन्शी महिनोन् महिने माल अडवतो आणि पोरांच्या गोष्टी ऐकत बसतो. तक्रार शंभर टक्के खरी होती, हीच तिची अडचण. एका सकाळी जकातीचे मोठे साहेब, मोहतमीम, टांग्यातून उतरले. बरोबर त्यांचा पेशकार, म्हणजे कारकून, होता, औरंगाबादकडचा, मराठी जाणणारा. बातमी कळताच आम्ही तिघं नाक्यावर पळालो. नाक्यावरची सगळी माणसं चिंचेखाली चिडीचूप उभी होती. मुन्शींनी टोपी नीट बसवली होती आणि शेरवानीचा काटाही नवा टोचला होता.

साहेबांनी ट्रंक उघडायला लावली. सोळा पुस्तकांवर शिक्के होते आणि प्रत्येकावर लिहिलेलं होतं: वाचून पाहिला. सतरावं अजून चालू होतं.

साहेबांनी उर्दूत विचारलं, "मुन्शीजी, ही मराठी पुस्तकं आहेत. तुम्ही वाचून पाहिलीत असं लिहिलंय. तुम्हाला मराठी वाचता येतं?"

मुन्शींनी आमच्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहिलं. मग फार हळू म्हणाले, "येतं, हुजूर."

वच्छीने मला चिमटा काढला. चाचा खोटं बोलले! पेशकाराने सरदाराच्या मुलीचं पुस्तक उचललं, मधेच उघडलं आणि मुन्शींच्या हातात दिलं. "वाचा. एका जरी पुस्तकावर खोटा शेरा निघाला, तरी नोकरी जाईल."

मुन्शींनी दोरा कानाला अडकवला. पुस्तक नाकाशी नेलं. खाकरले. पुन्हा खाकरले. पण शब्द काही फुटेना. वच्छीने त्यांच्या पाठीमागून पानावर नजर टाकली. भुयाराचं ते पान गाडीवानांच्या आग्रहाने नाक्यावर पुन्हा पुन्हा वाचलं गेलं होतं, ते तिला झोपेतही येत होतं. तिने ओठ न हलवता पुटपुटलं, "पहारेकऱ्याने मशाल उंच धरली..."

"पहारेकऱ्याने मशाल उंच धरली," मुन्शी म्हणाले.

"आणि भुयारात पाऊल टाकलं," मी खालून पुरवलं.

"आणि भुयारात पाऊल टाकलं."

भटजींच्या मागून नवरदेव मंत्र म्हणतो, तसं चाललं होतं. चार ओळी निभावल्या. पण पुढे नाम्याचा आवडता प्रसंग होता आणि त्याला धीर कुठला निघायला! "'कोण आहे तिकडे?' तो गरजला!" असं नाम्या खरंच गरजला. आता लपवण्यात अर्थच नव्हता. मागच्या गाडीवानाने पुढचं वाक्य घेतलं. मग वच्छी मोठ्याने, मी मोठ्याने, बांबूपाशी थांबलेले दोघेतिघे आणि सगळ्यांच्या वर पोचय्याचा आवाज. त्याला अर्थ ठाऊक नव्हता, पण ते अख्खं पान त्याने तेलुगू हेल काढून घडाघडा म्हटलं. मुन्शींच्या हातातलं पुस्तक केव्हाच मिटलं होतं.

साहेबांनी हात वर केला. "ये क्या तमाशा है?"

मुन्शींनी लवून सलाम केला. "हुजूर, माल इतना जाँचा गया है, कि पूरे नाके को याद हो गया."

साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. ते खोकले की हसले, यावर नाम्याचं आणि माझं आजन्म एकमत झालं नाही. मग त्यांनी हुकूम दिला. मुन्शींना ताकीद. यापुढे कुठलाही माल एका दिवसाच्या वर अडकणार नाही. आणि ही ट्रंक आत्ताच्या आत्ता मालकाच्या घरी जाईल. टांग्यात चढताना त्यांनी पेशकाराला हळूच काहीतरी विचारलं. पेशकार खाली उतरून वच्छीपाशी आला. "साहेब विचारतात, पहारेकऱ्याला ती दिसली का?"

नोकरी वाचली. ट्रंक मिळाली. आई हरखून गेली. आणि आमच्या दुपारी मात्र मेल्या. पुस्तकं घरात होती, कुणी अडवत नव्हतं, कुणी "दफ्तर बंद" म्हणत नव्हतं. आठ दिवस आम्ही ट्रंकेला हात लावला नाही. नाक्यावर मुन्शी एकटेच बाजेवर बसलेले दिसायचे, समोरून गाड्या भराभर जायच्या आणि पोचय्या बांबू वर-खाली करून कंटाळायचा. मला त्यांच्याकडे बघून फार वाईट वाटायचं, पण जायला निमित्त नव्हतं.

तोड वच्छीने काढली. "नाका तं पल्याडून आलेला माल पाह्यते ना? मंग आपन पल्याडून येऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी एक पुस्तक फडक्यात बांधलं, कपडे वर खोचून नदी ओलांडली, वऱ्हाडच्या वाळूवर पाच मिनिटं बसलो आणि परत फिरलो. बांबूपाशी येऊन उभे राहिलो.

"माल?" मुन्शींनी दरडावून विचारलं.

"एक किताब हाय जी. वऱ्हाडातून आनली."

मुन्शींनी आमच्या ओल्या पायांकडे पाहिलं. फडकं सोडलं. त्यांचाच शिक्का असलेलं पुस्तक त्यांनी पहिल्यांदा पाहतोय असं उलटंसुलटं केलं. टोपीचा गोंडा थरथरायला लागला होता. "हं. तपासा लागन. पन साहेबाचा हुकूम हाय, एक दिवसात झालं पायजे. चाला, भराभर वाचा."

त्या हुकमाने आम्हाला एका दिवसात एक पुस्तक संपवायची सवय लागली, ती आजही आहे. नदीला पाणी चढेपर्यंत ती सतराही पुस्तकं पुन्हा एकदा परदेशातून आली.

पुढे माझं लग्न नदीपलीकडेच झालं. निजामाचं राज्य गेलं. नाका उठला, नदीवर पूल झाला. बऱ्याच वर्षांनी मी मुलीला घेऊन माहेरी चालले होते. मुलगी नऊ वर्षांची होती. पुस्तक म्हटलं की तिचं पोट दुखायचं. एस.टी. पुलापाशी बंद पडली, म्हणून आम्ही उतरून चालत निघालो. चिंच होती. खोलीची कौलं गेली होती. चिंचेखाली, त्याच बाजेवर, मुन्शी बसले होते. टोपी गेली होती, चष्म्याचा दोरा मात्र होता. मांडीवर एक पुस्तक होतं. मी पाठीमागून गेले आणि थबकले.

पुस्तक मराठी होतं. ते वाचत होते. बोट न ठेवता, ओठ न हलवता, सरसर. एका जागी स्वतःशीच हसले, मान हलवली आणि पान उलटलं.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मला आठवली ती टांग्यावाल्या साहेबांची सकाळ. "येतं, हुजूर," असं म्हणताना चाचा खोटं बोलले, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो. त्या सकाळी त्यांनी ते पान सरळ वाचून दाखवलं असतं, तर नोकरीवर आच आली नसती. पण आम्ही तिघं बघत होतो, आणि ज्याला वाचता येतं त्याला कोण वाचून दाखवणार? म्हणून ते नुसते खाकरत राहिले.

"चाचा," मी हाक मारली.

त्यांनी दचकून पुस्तक मिटलं, अगदी चोरी पकडल्यासारखं. डोळे बारीक करून पाहिलं. "कोन? यमी? अवं, बरं झालं आली." मग त्यांची नजर माझ्या मुलीवर गेली. आवाज एकदम नाक्यावरचा झाला. "हे पोट्टी तुही? वाचते का? हे किताब येऊन पडली हाय, अन् मले तं एक हर्फ येत नाई."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "वाचून दाखव आजोबांना. त्यांना येत नाही."

ती नाइलाजाने बाजेच्या कडेवर बसली आणि अडखळत वाचू लागली. तिसऱ्या ओळीत चांदण्याचं वर्णन आलं. तिने बेरकीपणाने दोन ओळी गाळल्या आणि पुढे निघाली.

मुन्शींनी चष्म्यावरून पाहिलं.

"थांब पोरी," ते म्हणाले. "काहीतरी राह्यलं."